कुंपणावरचा सदरा

माझा नवरा पहाटे जोर-बैठका काढायचा, दिवसा शाळेत शिकवायचा, उरलेल्या वेळात विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी तासभर सायकलवर कुठंतरी जाऊन यायचा. पहिल्या तीन गोष्टींबद्दल गावाला काही म्हणायचं नव्हतं. चौथीमुळे आमच्या घरात सवत येता येता राहिली. ते कसं झालं तेवढंच मला लिहायचं आहे.

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. मीही इथं मास्तरच लिहिते. नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, आता लावून घेण्यात अर्थ नाही.

आमचं गाव मुर्रीच्या पुढं, गोंदियापासून सायकलनं जाऊन-येऊन करण्याइतकं जवळ. आता तिकडं घरंच घरं झाली आहेत. तेव्हा गाव संपलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्या पलीकडं तलाव. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी चौथी पास होऊन घरी बसले होते. मुलगा शिकलेला आहे म्हणून माझ्या वडिलांनी स्थळ पाहिलं आणि लग्न करून दिलं. शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. अडाणी बायकोशी काय बोलायचं ते बहुतेक त्यांनाही कोणी शिकवलं नसावं.

लग्नाआधी ते नागपूरला कॉलेजात होते. तिथं त्यांनी नुसता अभ्यास केला. जेवले नाहीत, झोपले नाहीत, आणि परीक्षेच्या दिवशी पेपर लिहिता लिहिता बाकावरून खाली पडले. गाडीत घालून घरी आणावं लागलं. गोंदियाच्या डॉक्टरनं त्यांना तपासलं आणि माझ्या सासूला सांगितलं, "माताजी, किताब बाद में. पहले बदन. सुबह कसरत करे, शाम को खुली हवा में साइकिल चलाए. रोज. नहीं तो बी.ए. भूल जाए." डॉक्टरचं हे बोलणं सासू पुढं कितीतरी वर्षं सगळ्यांना हिंदीतूनच ऐकवायची.

मास्तरांना गोंदियाच्या एका शाळेत नोकरी मिळाली. शाळेत शिकवणाऱ्याला बाहेरून परीक्षेला बसता येई, म्हणून बी.ए. पुन्हा सुरू झालं. आमचं लग्न त्याच वर्षीचं. त्यांनी बैठकीच्या भिंतीवर कोळशानं दिवसाची आखणी लिहिली होती. पहाट – कसरत. सकाळ – अभ्यास. दिवस – शाळा. संध्याकाळ – सायकल. रात्र – अभ्यास. मला वाचता येत होतं, म्हणून मी ते रोज वाचायची. त्यात माझ्यासाठी कुठं जागा नव्हती. खरं सांगायचं तर जेवणालाही नव्हती, त्यामुळं मी फार मनावर घेतलं नाही. दिवाळीला भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या तेव्हा तेवढा तुकडा सोडून सारवलं.

माणूस वाईट नव्हता. हात उचलला नाही, ताट फेकलं नाही. बोलत नसत, एवढंच. "पाणी ठेव", "भात वाढ", "कंदिलाची काच पुस", असं दिवसाचं बोलणं. पहाटे अंगणात त्यांच्या जोरांचे हुंकार ऐकू यायचे, ते मी जास्त ऐकलेत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेली. घरात आम्ही तिघं. सासू दुपारी शेजारी जाऊन बसायची. मी घरात. माहेरी वडील वारल्यावर तिकडून बोलावणंही येईनासं झालं होतं.

सायकलीची गोष्ट अशी, की आमच्याकडं माणूस बाहेर पडला म्हणजे कुठंतरी जात असला पाहिजे. शेतावर, बाजारात, सोयऱ्याकडं, तारखेवर. नुसतं जायचं आणि यायचं हे कोणाच्या डोक्यात बसत नसे. शेजारची काकू अंगणात उभी राहून रोज विचारायची.

"काऊन गा मास्तर, कोठी जाऊन राहिला?"

"कोठीच नाही, काकू."

"कोठीच नाही त सायकल कायले काढली?"

"फिराले."

"दिवसभर गोंदियाले फिरूनच आला ना बाप्पा! अजून पाय दुखले नाहीत का?"

कधी ती पिशवी घेऊनच वाट अडवायची. "जाऊनच राहिला त माह्या बहिणीकडं एवढे पोहे टाकून देजो."

"तिकडं नाही जाऊन राहिलो, काकू."

"मंग कोनाकडं?"

"कोनाकडंच नाही."

"पाहा बाप्पा, सांगाचं नसन त नोको सांगू," असं म्हणून काकू पिशवी उचलायची. आणि संध्याकाळभर ती गोष्ट चार घरी फिरायची.

मलाही ते सांगत नव्हते. मी एकदा जेवण वाढताना विचारलं, "अजी, संध्याकाळी कोठी जाता?"

"फिराले."

"संगं कोनी राहते का?"

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. जेवतानाही पुस्तक उघडं असायचं. म्हणाले, "संगं कोनी राहिलं त मंग फिरनं कायचं?" आणि पुन्हा खाली पाहिलं. मला वाटलं, टाळून राहिले. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचे सदरे मीच धुवायची. शाळेत घालायचा चांगला सदरा एकच होता, तो एक दिवसाआड. त्याच्या खिशात मला मुरमुरे सापडायला लागले. दोन-चार दाणे, कधी मूठभर. आणि बाहीला काळं, काजळीसारखं. शाळेत काजळी कुठली? मी दाणे कोंबड्यांना टाकले आणि बाही घासली. कोणाला बोलले नाही. बोलायला कोण होतं?

धान कापून झालं होतं, चुरणी म्हणजे मळणी चालू होती, तेव्हा एक दिवस काकू विहिरीवर माझ्या सासूजवळ येऊन बसली. मी दोर ओढत होते. काकूला मी ऐकावं असंच वाटत होतं, कारण ती हळू आवाजात बोलली नाही.

"मास्तरचा सदरा पाह्यला वो मी. मुरमुरेवालीच्या कुंपनावर वाळत घातला होता."

"सदरा?" सासू म्हणाली.

"सदरा. संगं पुस्तकाची थैली. सायकल नाही दिसली, आत घेतली असंल. काल पाह्यला, परवाई पाह्यला. खोटं काऊन बोलू?"

मुरमुरेवाली म्हणजे तलावाच्या खालच्या अंगाला राहणारी एक विधवा. आमच्याच जातीतली. माझ्याहून थोडी मोठी असेल. नवरा वारल्यावर सासरच्यांनी जमीन दाबली, तिनं पोटासाठी मुरमुऱ्याची भट्टी घातली. आम्ही शेतकरी लोक, बाईनं भट्टी घालणं कमीपणाचं मानायचे, पण मुरमुरे तिचेच खायचे. तिच्या दारी पुरुषाचा सदरा म्हणजे विचारायला काही उरतच नव्हतं. खिशातले दाणे आणि बाहीची काजळी मला ठाऊक होती, त्यामुळं माझ्याकडूनही विचारायला काही उरलं नाही. मी घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. भात लावला. भाताला पाणी जास्त झालं.

सासू रडली नाही, ओरडली नाही. तिनं दोन दिवस विचार केला. ती वाईट बाई नव्हती, हे मी आज म्हणते आणि तेव्हाही मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती चुलीजवळ येऊन बसली.

"पोरी, ऐक. तुह्या लग्नाले चौथं वर्ष लागलं. घरात लेकरू नाही. मी तुले कधी बोलली का?"

"नाही, मामी." सासूला मी मामीच म्हणायची.

"आता पाय. पोट्टा रोज घंटाभर तिकडं जाते. परीक्षा जवळ आली. लपून-छपून जान्यापरीस ते बाई घरातच आनली त तो घंटा वाचते. घरी बसून अभ्यास करन. पास होईन. लेकरूई होईन. गावाचं तोंडई बंद."

मला आजही तिचा हिशेब आठवला की हसू येतं. नवऱ्याला दुसरी बायको करून द्यायची, कशासाठी, तर अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. तेव्हा हसू आलं नाही.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू मोठी. तुही जागा कोन घेते? तू चुलीपाशी, ते धाकटी."

दुसरी करायची नाही असा कायदा तेव्हा झाला होता की व्हायचा होता, मला माहीत नाही. आमच्याकडं कोणी विचारत नव्हतं. विधवेला नुसतं लुगडं देऊन पाट लावून आणत. आणि आमच्या घरात अशी रीत होती, की घरात दुसरी यायची असली तर पहिलीनं आपल्या हातानं तिला लुगडं न्यायचं. म्हणजे पुढं दोघींत भांडण होत नाही म्हणे. माझ्या सासूच्या सासूनंही नेलं होतं. म्हणजे मीच न्यायचं.

नाही म्हणता आलं असतं का, असं माझ्या नातीनं एकदा विचारलं. आलं असतं. मग कुठं जाऊन राहिले असते ते नातीला सांगता येईना, मलाही येईना.

मास्तरांना विचारायचं सासूला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, कारण ते काय सांगणार ते माहीतच होतं. "कोठीच नाही."

संध्याकाळी मास्तर सायकल काढून गेले. त्यांच्या मागून थोड्या वेळानं आम्ही निघालो. सासू पुढं, मी मागं. माझ्या डोक्यावर टोपली, टोपलीत हिरवं लुगडं, खण, नारळ आणि गुळाचा खडा. वाटेत सासू एकदाच बोलली. "पदर नीट घे."

सदरा होताच. कुंपणाच्या काट्यांवर नाही, काट्यांत रोवलेल्या एका बांबूवर नीट अडकवलेला. त्याच्या खाली पुस्तकांची थैली. मुरमुरेवाली भट्टीपुढं बसली होती. कढईत वाळू तापलेली, खाली धानाचा कोंडा धुमसतोय. तिनं तांदूळ टाकले, काड्यांच्या झाडूनं दोनदा फिरवले, आणि ते फुलून वर आले. चाळणीत घेतले, वाळू गाळली. मग वर पाहिलं.

"या मामी, बसा. किती देऊ?"

"मुरमुरे नाही पाहिजे," सासू म्हणाली. "दुसऱ्या कामाले आलो. हा सदरा कोनाचा?"

"मास्तरचा."

"म्हनजे कबूल हाये तुले?"

"कबूल कायचं? रोजच राहते तो."

"रोजच!" सासूनं माझ्याकडं पाहिलं आणि टोपली उतरवायची खूण केली. मी उतरवली. लुगडं वर होतं. मुरमुरेवालीनं लुगडं पाहिलं, खण पाहिला, मग मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे कोनासाठी आनलं?"

"तुह्यासाठी," सासू म्हणाली. "माही सून आपल्या हातानं घेऊन आली. तिची ना नाही. माहीई नाही."

बाईनं झाडू खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मामी, तुमचा पोट्टा माह्या दारात सदरा ठेवते. सदराच ठेवते. समजलं का?"

"म्हनजे?"

"म्हनजे घामानं खराब होईन म्हनून काढून ठेवते. एकच बरा सदरा हाये म्हने. पुस्तकं ठेवते, पाळीवर पडतात म्हनून. बनियनवर सायकल हाणते तलावाच्या पाळीवर. पाहून घ्या ना, आताई तठीच हाये. माह्याशी वर्षात दोनच गोष्टी बोलला. 'सदरा ठेऊ का?' अन् 'ओंजळभर दे.' तुमच्या घरी त्याले खायाले नाही देत का?"

बाईचा आवाज आता चढला.

"अन् मी हो म्हनन असं कोनं सांगलं तुमाले? मले विचारलं होतं? लुगडं टाकलं की उचलून नेसन, असं वाटलं का? मी भट्टी घातली हाये, मामी. कोनाची धाकटी होऊन बसाले नाही घातली."

कढईत राहिलेले दोन-चार दाणे जळून त्यांचा वास आला. शेवटी सासूनं पदराची गाठ सोडली.

"पायलीभर दे," ती म्हणाली.

बाई मुरमुरे मोजायला लागली. सासू मला म्हणाली, "जा वो. पाहून ये." तिला अजून खात्री नव्हती. मी उठले तशी बाई खाली मान घालूनच मला म्हणाली, "तू काऊन आली वो लुगडं घेऊन?"

"आनाले सांगलं," मी म्हणाले.

"उद्या विहिरीत उडी घ्याले सांगन कोनी," ती म्हणाली. त्या घरात आल्यापासून माझ्या बाजूनं कोणी रागावलं असेल तर ती पहिली बाई.

भट्टीच्या मागून पाळीवर चढायला पायवाट होती. आमच्या तलावाची पाळ मातीची, बैलगाडी जाईल एवढी रुंद, वर मोहाची जुनी झाडं. मी वर पूर्ण चढले नाही. डोकं वर काढलं आणि एका झाडाआड उभी राहिले.

मास्तर लांबून येत होते. बनियन, धोतराचा काचा मारलेला. सायकल जोरात नव्हती. त्यांनी मुठी सोडल्या होत्या. दोन्ही हात बाजूला पसरले होते आणि मोठ्यानं काहीतरी म्हणत होते. इंग्रजी असावं, परीक्षेचं असावं. मग ते थांबलं आणि ते हसले. कोणी नसताना. पाण्यातून एक बगळा उठला, त्याला पाहून ते काहीतरी बोलले. बगळ्याला. पाळीच्या टोकाला गेले, वळले, पुन्हा आले. मी झाडाआड होते. त्यांचा तो चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. माझ्याशी तीन वर्षांत जेवढे बोलले नव्हते तेवढे ते त्या दोन फेऱ्यांत स्वतःशी बोलले.

मला बरं वाटायला हवं होतं. सवत नव्हती. बाई नव्हती. कोणीच नव्हतं. बरं वाटलं नाही. बाई असती तर तिच्यात काय आहे ते पाहता आलं असतं. भांडता आलं असतं. दोघी एका चुलीपाशी बसलो असतो तर निदान दुपारी बोलायला कोणी झालं असतं. पण ह्या माणसाला आनंद व्हायला कोणी नसणंच लागत होतं, आणि मी तर घरात रोज असायची. त्याच्याशी कोण भांडणार?

मी खाली आले. सासूला म्हणाले, "कोनी नाही."

आम्ही मुरमुऱ्याचं गाठोडं आणि लुगड्याची टोपली घेऊन परत आलो. लुगडं मलाच मिळालं. चांगलं सुती होतं, बरीच वर्षं टिकलं.

गोष्ट लपणार थोडीच. काकूनं आम्हाला टोपली नेताना पाहिलं होतं आणि टोपली परत आणताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गावाला करमणूक झाली. "मास्तर, सदरा सांभाळजो गा!" शाळेतून येताना कोणीतरी ओरडायचं. मास्तरांना कशावरून ते कळायला दोन दिवस लागले. कळलं तेव्हा ते घरी आले, सायकल भिंतीला लावली आणि आईपुढं उभे राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. सासूच आधी म्हणाली, "आजपासून सायकल फक्त शाळेची. संध्याकाळी घरात बसून अभ्यास कर. लय झालं फिरनं."

ते "बरं" म्हणाले. माझ्याकडं पाहिलं नाही. लुगडं मी नेलं होतं हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

त्या दिवसापासून तो तास ते पुस्तकापुढं बसायला लागले. सासूला बरं वाटलं. मी कंदील पुसायला, पाणी द्यायला तिथून यायची-जायची. मला इंग्रजी येत नाही, पण पान उलटलं की नाही ते कळतं. पान उलटत नव्हतं. आठ-दहा दिवसांत डोकं दुखायला लागलं. डोक्याला फडकं बांधून बसायचे. पहाटेचे जोर कमी झाले, मग थांबले. अंगणात आवाज येईना. मी पहाटे उठून वाट पाहायची, आणि नुसता कोंबडा ऐकू यायचा. जेवण कमी झालं. सासूनं डोक्यावर तेल थापलं, नजर काढली, दूध वाढवलं. डॉक्टरचं बोलणं तिला तोंडपाठ होतं, पण त्यात ती स्वतः कुठं चुकली ते तिच्या ध्यानात येत नव्हतं. तिला वाटे, सायकल ती सायकल, शाळेला चालवतोच की रोज.

नागपूरला बाकावरून पडले होते ते मला ऐकून माहीत होतं. ह्या वेळी ते घरातच पडणार असं मला दिसायला लागलं. सासूला समजावण्याची माझी टाप नव्हती. मास्तरांना "जा फिरून या" म्हणायची तर त्याहून नव्हती. आणि ते गेले असते तरी गावानं विचारलंच असतं, कोठी?

आमच्याकडं बाहेर जायला काम लागतं. मी काम काढलं.

एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसून म्हणाले, "मामी, मुरमुरे संपले."

"पायलीभर आनले होते. कालई होते."

"संपले."

खरं म्हणजे डबा अर्धा भरलेला होता. मी तो पोत्यामागं सरकवला होता. सासूनं पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग बैठकीत फडकं बांधून बसलेल्या मुलाकडं पाहिलं. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. एकदा चूक झाली ती झाली.

"ऊठ गा," ती म्हणाली. "मुरमुरे घेऊन ये. घाई नोको करू. गरमच आनजो."

मास्तरांनी सायकल काढली. काकू अंगणात होतीच. "कोठी जाऊन राहिला, मास्तर?"

"मुरमुरे आनाले."

"हां, जाय," काकू म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. पहिल्यांदाच तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. मुरमुरेवालीच्या भट्टीवर मुरमुरे आणायला जाणारा माणूस, त्यात कोणाला काय दिसणार?

ते तासाभरानं आले. उपरण्यात मुरमुरे, चेहरा घामानं भिजलेला. सदरा कोरडा होता. त्या रात्री पान उलटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

त्यानंतर आमच्या घरी मुरमुरे रोज संपायचे. आम्ही तेल-कांदा-मिरची घालून खाल्ले, गुळाचे लाडू वळले, चिवडा केला, काकूला दिले, बटईवाल्याला दिले, कोंबड्यांना टाकले. मुरमुरेवाली बाजारात सासूला भेटली तेव्हा म्हणाली, "मामी, घरी हत्ती पोसला का?" सासू म्हणाली, "पोसला बाई. बी.ए. करून राहिला." दोघी हसल्या. मला हे सासूनंच सांगितलं. तेवढ्यापुरतं आमचं बरं चाललं होतं.

तो एक तास मीच त्यांना काढून दिला आणि तो माझ्याशिवायचा होता. त्या वेळात सासू देवळात जायची. घरात मी एकटी. सगळी कामं आधीच उरकलेली असायची. मी दारात बसायची आणि पाळीवरच्या मोहाच्या झाडांचे शेंडे दिसत, ते पाहायची. कधी वाटायचं, आज म्हणतील, चल, मागं बस, तलाव दाखवतो. त्यांनी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी गेले नसते. मी मागं बसले असते तर त्यांनी मुठी सोडल्या नसत्या.

परीक्षेला ते वळकटी घेऊन रेल्वेनं नागपूरला गेले. ह्या वेळी बाकावरून पडले नाहीत. निकाल यायला उन्हाळा संपला. तिसऱ्या श्रेणीत पास झाले. सासूनं गावात पेढे वाटले आणि डॉक्टरचं बोलणं पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवलं. लोक येऊन गेले, आरती झाली, काकू रडली. लेकरं मला पुढं झाली, दोन, पण ते ह्या गोष्टीत येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. मास्तर बैठकीत होते. भिंतीवरची कोळशाची अक्षरं तशीच होती, पण आता त्यांचं काम संपलं होतं. परीक्षा नव्हती, अभ्यास नव्हता, डॉक्टरचंही काही नव्हतं. आता हा माणूस संध्याकाळी काय करील, असं माझ्या मनात होतं. घरात बसेल. कदाचित बोलेल.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. आत ते सहसा येत नसत. उंबऱ्यावर उभे राहिले. माझ्यापुढं मुरमुऱ्याचा डबा होता, पाहुण्यांना चिवडा करायला मी तो उघडलेला. काठोकाठ भरलेला. वरून दाणे सांडत होते. त्यांनी डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, सरळ.

"मुरमुरे आनाचे हायेत का?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

मी डब्यावर झाकण ठेवलं.

"आना," मी म्हणाले.